इंटरनेट नसलेल्या विंडोज संगणकावर पायथनची मॉड्यूल हाताने बसवण्याची योग्य रीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकांवर चौसष्ट बिटांचे विंडोज १० आणि पायथन ३.१० आहे, पण इंटरनेटची जोडणी नाही. विद्यार्थ्यांना पांडाज (तक्त्यांतील माहिती हाताळणारे) आणि ओपनपायएक्सएल (एक्सेलच्या फाइली वाचणारे-लिहिणारे) ही मॉड्यूल हवी आहेत. प्रश्नकर्त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर पायथन ३.१२ आहे आणि तिथे दोन्ही व्यवस्थित चालतात. म्हणून त्यांनी लॅपटॉपच्या साइट-पॅकेजेस फोल्डरमधून, म्हणजे बाहेरून बसवलेली मॉड्यूल जिथे राहतात तिथून, नमपाय (पांडाजला लागणारे आकडेमोडीचे मॉड्यूल), पांडाज आणि ओपनपायएक्सएल अशी तीन फोल्डरे पेन ड्राइव्हवर घेतली आणि प्रयोगशाळेतील संगणकाच्या त्याच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली. आता ओपनपायएक्सएल इम्पोर्ट करताना, म्हणजे प्रोग्रॅममध्ये वापरायला घेताना, दुसरेच एक मॉड्यूल सापडत नसल्याची तक्रार येते आणि नमपाय तर सी भाषेतील भाग लोड होत नसल्याचा लांबलचक संदेश दाखवते. फोल्डर जागेवर असताना असे का होते आणि हाताने बसवायचे तर कसे, असे त्यांनी विचारले आहे.

आधी कारण समजून घेऊ, कारण ते कळले की पुढची निम्मी कामे आपोआप सोपी होतात. पायथनला इम्पोर्टची ओळ दिसली की तो सिस मॉड्यूलमधील पाथ नावाच्या यादीत दिलेली फोल्डरे क्रमाने धुंडाळतो. या यादीत सर्वांत आधी चालू प्रोग्रॅमचे स्वतःचे फोल्डर असते, त्यानंतर पायथनपाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये काही लिहिले असेल तर ती फोल्डरे, मग पायथनची प्रमाण लायब्ररी आणि शेवटी साइट-पॅकेजेस. ज्या मॉड्यूलमध्ये केवळ पायथनमध्ये लिहिलेला मजकूर असतो, ते या यादीतील कोणत्याही फोल्डरमध्ये नुसते ठेवले तरी सापडते आणि चालतेही, मात्र ते ज्या इतर मॉड्यूलांवर विसंबून आहे तीही तिथे हवीत. ओपनपायएक्सएल हे याच प्रकारचे आहे. एक्सेलच्या फाइली लिहिण्यासाठी त्याला ईटी_एक्सएमएलफाइल नावाचे एक छोटे मॉड्यूल लागते, ते तुमच्या लॅपटॉपवर पिपने, म्हणजे मॉड्यूल उतरवून बसवणाऱ्या पायथनच्या साधनाने, न विचारता बसवलेले होते, म्हणून ते वेगळे न्यायला हवे हे तुमच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते.

नमपायची गोष्ट निराळी आहे. त्याचा गाभा सी भाषेत लिहून यंत्रभाषेत रूपांतरित केलेला असतो आणि तो विंडोजवर पीवायडी या प्रत्ययाच्या फाइलींत असतो. अशी प्रत्येक फाइल प्रत्यक्षात एक डीएलएलच, म्हणजे प्रोग्रॅम चालताना जोडली जाणारी विंडोजची यंत्रभाषेतील लायब्ररीच असते. तिच्या नावातच ती कोणत्या पायथनसाठी बांधली आहे याची खूण असते. तुमच्या लॅपटॉपवरील फाइलींच्या नावांत 'सीपी३१२-विन_एएमडी६४' असा भाग दिसेल. पायथन ३.१० फक्त 'सीपी३१०' अशी खूण असलेल्या किंवा कोणतीच खूण नसलेल्या पीवायडी फाइली पाहतो, त्यामुळे फाइल डोळ्यांसमोर असूनही त्याच्या लेखी ती अस्तित्वातच नसते. काही जण या टप्प्यावर फाइलीचे नाव बदलून पाहतात. ते करू नये. ३.१० आणि ३.१२ या आवृत्त्यांमध्ये पायथनची अंतर्गत रचना बदललेली आहे, त्यामुळे नाव बदललेली फाइल एक तर लोड होणार नाही किंवा लोड होऊन प्रोग्रॅम मध्येच बंद पडेल, आणि दुसरी शक्यता पहिलीपेक्षा वाईट आहे.

यात आणखी एक बारकावा आहे आणि तो पायथनची आवृत्ती दोन्हीकडे सारखी असतानाही लोकांना अडकवतो. विंडोजवरील नमपायच्या अलीकडच्या आवृत्त्या साइट-पॅकेजेसमध्ये 'नमपाय' या फोल्डरशेजारी 'नमपाय.लिब्स' असे दुसरे फोल्डर ठेवतात. गणिती आकडेमोडीसाठी लागणारी ओपनब्लास ही लायब्ररी त्यात असते. पांडाजचेही असेच 'पांडाज.लिब्स' फोल्डर असते. केवळ मुख्य फोल्डर नेले आणि हे मागे राहिले, तर पायथनला पीवायडी फाइल सापडते, पण तिला लागणारी डीएलएल सापडत नाही, आणि 'डीएलएल लोड फेल्ड' हा संदेश येतो. या संदेशाने पुष्कळांचा वेळ खाल्ला आहे, कारण नेमकी कोणती डीएलएल हरवली आहे हे विंडोज त्यात सांगत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की हाताने बसवणे याचा अर्थ फोल्डरे उचलून ठेवणे असा घेऊ नये. फाइली निवडणे, उतरवणे, तपासणे आणि त्या संगणकापर्यंत नेणे ही कामे हाताने करावीत. प्रत्यक्ष बसवण्याचे काम मात्र इंटरनेट नसतानाही पिपकडूनच करून घ्यावे. पिपला त्यासाठी जाळ्याची गरज नसते. त्याला फक्त योग्य फाइली समोर ठेवलेल्या लागतात.

पुढे ज्या आज्ञा सांगितल्या आहेत त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष कमांड प्रॉम्प्टवर त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या आहेत.

पहिले काम म्हणजे प्रयोगशाळेतील संगणकावर नेमका कोणता पायथन आहे याची खात्री करणे. पायथनच्या अधिकृत इन्स्टॉलरबरोबर 'पाय' नावाचा लाँचर मिळतो. 'पाय -०' असे टाइप केले की त्या संगणकावरील सर्व पायथनांची यादी दिसते. एकापेक्षा जास्त दिसल्यास आश्चर्य वाटू देऊ नका, कारण काही इतर सॉफ्टवेअरही आपापला पायथन घेऊन येतात. यादीतील प्रत्येकाचे साइट-पॅकेजेस फोल्डर स्वतंत्र असते आणि एकात बसवलेले मॉड्यूल दुसऱ्याला दिसत नाही. नुसते 'पायथन' टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत असेल, तर तिथे विंडोजने ठेवलेले पर्यायी नाव (अलायस) कार्यरत आहे एवढाच त्याचा अर्थ. सेटिंग्जमधील ॲप एक्झिक्यूशन अलायसेस या ठिकाणी ते बंद करता येते. माझा आग्रह असा की प्रत्येक आज्ञेत 'पाय -३.१० -एम पिप' असेच लिहावे, नुसते 'पिप' लिहू नये. नुसते 'पिप' लिहिले की विंडोजच्या पाथमध्ये (विंडोज प्रोग्रॅम शोधते त्या फोल्डरांच्या यादीत) आधी येणारा कुठला तरी पिप चालतो आणि तो कोणत्या पायथनचा आहे हे आपल्याला कळत नाही. मॉड्यूल बसले असा संदेश येतो आणि तरीही इम्पोर्ट होत नाही, अशा तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असते.

पायथन बत्तीस बिटांचा आहे की चौसष्ट, हेही इथेच पाहून घ्यावे. विंडोज चौसष्ट बिटांचे असले म्हणजे पायथनही तसाच असेल असे नाही. इंटरप्रिटर उघडल्यावर, म्हणजे नुसते 'पाय -३.१०' टाइप केल्यावर, पहिल्याच ओळीत ते दिसते: '६४ बिट (एएमडी६४)' किंवा '३२ बिट (इंटेल)'. इथे एएमडी६४ हे नाव पाहून इंटेल प्रोसेसर असलेल्यांनी गोंधळू नये. चौसष्ट बिटांच्या या रचनेला ते नाव एएमडी कंपनीने ती प्रथम आणली म्हणून पडले आहे आणि इंटेलच्या प्रोसेसरवरही तेच लागू असते.

आता फाइली निवडण्याकडे वळू. पायथनची मॉड्यूल पायपीआय या सार्वजनिक भांडारात दोन रूपांत मिळतात. एक म्हणजे मूळ स्रोत, जो सहसा 'टार.जीझेड' प्रत्ययाच्या फाइलीत असतो, आणि दुसरे म्हणजे व्हील, ज्याचा प्रत्यय 'डब्ल्यूएचएल' असा असतो. व्हील हे खरे तर एक झिप संग्रहण आहे, पण त्यातील फाइली बसवण्यासाठी तयार अवस्थेत असतात. यंत्रभाषेत रूपांतर करायचे काही शिल्लक नसते. पूर्वी एग नावाचे एक रूप होते, ते आता जुने झाले आहे, आणि 'सेटअप.पीवाय इन्स्टॉल' ही जुन्या पुस्तकांत आढळणारी आज्ञाही वापरू नये. ती ज्या डिस्टयुटिल्स मॉड्यूलवर उभी होती ते पायथन ३.१२ मध्ये प्रमाण लायब्ररीतून काढून टाकण्यात आले आहे.

व्हीलचे नाव वाचता येणे हे या सगळ्या कामातील सर्वांत उपयोगी कौशल्य आहे. उदाहरणार्थ 'नमपाय-२.२.६-सीपी३१०-सीपी३१०-विन_एएमडी६४' हे नाव घ्या. पहिले दोन भाग मॉड्यूलचे नाव आणि आवृत्ती सांगतात. तिसरा भाग कोणता पायथन हवा ते सांगतो: 'सीपी' म्हणजे सीपायथन, अर्थात आपण सगळे सर्वसाधारणपणे वापरतो तो पायथन, आणि ३१० म्हणजे ३.१०. चौथा भाग यंत्रभाषेतील भाग कोणत्या अंतर्गत रचनेशी जुळतो ते सांगतो. शेवटचा भाग ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसर सांगतो. बत्तीस बिटांच्या पायथनसाठी तिथे 'विन३२' असे असते आणि लिनक्ससाठीच्या व्हीलमध्ये 'मेनीलिनक्स' हा शब्द दिसतो. केवळ पायथनमध्ये लिहिलेल्या मॉड्यूलचे शेवटचे तीन भाग 'पीवाय३-नन-एनी' असे असतात, म्हणजे पायथन ३ ची कोणतीही आवृत्ती आणि कोणताही संगणक चालेल. ओपनपायएक्सएलच्या फाइलीच्या नावात तुम्हाला हाच 'नन-एनी' दिसेल. काही ठिकाणी चौथ्या भागात 'एबीआय३' असेही आढळते. अशी फाइल नावात दिलेल्या आणि त्यापुढच्याही पायथन आवृत्त्यांवर चालते, त्यामुळे 'सीपी३७-एबीआय३' पाहून ती ३.१० साठी नाही असे समजून बाजूला ठेवू नये.

पायपीआयच्या पानावरून एकेक फाइल ब्राउझरने उतरवता येते, पण मी तो मार्ग सुचवणार नाही, कारण कोणते मॉड्यूल आणखी कशावर अवलंबून आहे याचा माग आपल्यालाच काढावा लागतो. पांडाजच्या दुसऱ्या पिढीला (२ ने सुरू होणाऱ्या आवृत्त्यांना) नमपाय, पायथन-डेटयुटिल, पायटीझेड आणि टीझेडडेटा लागतात. त्यातील डेटयुटिलला पुन्हा सिक्स लागते. एवढ्यावर संपते म्हणून बरे, मोठ्या मॉड्यूलांच्या बाबतीत ही साखळी पुष्कळ लांब जाते. हा माग पिप स्वतः काढतो आणि दुसऱ्या संगणकासाठीही काढू शकतो. लॅपटॉपवर, जिथे इंटरनेट आहे, तिथे 'पाय -एम पिप डाउनलोड पांडाज ओपनपायएक्सएल' असे लिहून पुढे चार पर्याय जोडावेत: '--डेस्ट' आणि त्यापुढे फाइली ठेवायच्या फोल्डरचे नाव, '--पायथन-व्हर्जन ३.१०', '--प्लॅटफॉर्म विन_एएमडी६४' आणि '--ओन्ली-बायनरी=:ऑल:'. शेवटचा पर्याय फक्त व्हील घ्यायला सांगतो आणि दुसऱ्या संगणकासाठी उतरवताना तो सक्तीचाच असतो, कारण मूळ स्रोतावरून त्या संगणकासाठी काय बांधायचे हे इथे बसून ठरवता येत नाही. या आज्ञेचा एक मोठा लाभ असा की पिप ३.१० ला चालतील अशाच आवृत्त्या निवडतो. नमपायच्या २.३ या आवृत्तीपासून पायथन ३.१० चा आधार काढलेला आहे. ब्राउझरमधून सर्वांत नवी फाइल उतरवणारा माणूस इथे हमखास फसतो, पिप मात्र मुकाट २.२ मालिकेतील फाइल आणतो.

एक सावधगिरी आवश्यक आहे. काही मॉड्यूल विशिष्ट ऑपरेटिंग सिस्टिमवरच एखादे जादा मॉड्यूल मागतात. जसे टीक्यूडीएम आणि क्लिक या मॉड्यूलांना विंडोजवर कलरामा हे मॉड्यूल लागते, लिनक्सवर लागत नाही. ही अट पिप ज्या संगणकावर आज्ञा चालू आहे त्याच्या आधारे तपासतो, पर्यायात दिलेल्या प्लॅटफॉर्मच्या आधारे नाही. म्हणजे लिनक्स किंवा मॅकवर बसून विंडोजसाठी फाइली उतरवल्या तर कलरामा मागे राहते. तुमचा लॅपटॉप विंडोजचाच असल्याने ही अडचण येणार नाही, पण शक्य असेल तर लॅपटॉपवर पायथन ३.१० सुद्धा शेजारी बसवून त्याच्याकडूनच फाइली उतरवणे अधिक निर्धोक आहे. दोन पायथन एका संगणकावर सुखाने नांदतात. फक्त 'पाय -३.१०' असे स्पष्ट लिहायचे.

महाविद्यालयाच्या जाळ्यातून उतरवत असाल आणि तिथे प्रॉक्सी (इंटरनेटकडे जाण्याच्या वाटेवरील मधला सर्व्हर) असेल तर '--प्रॉक्सी' हा पर्याय द्यावा लागतो. सुरक्षितता प्रमाणपत्राची तक्रार आली म्हणून तपासणीच बंद करणारे पर्याय आंतरजालावर सुचवलेले दिसतात, ते वापरू नयेत. घरच्या जोडणीवरून फाइली आणणे त्यापेक्षा कितीतरी चांगले.

फाइली पेन ड्राइव्हवर नेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, मॉड्यूलचे नाव अचूक आहे ना. लोकप्रिय मॉड्यूलांच्या नावात एखादे अक्षर इकडेतिकडे करून घातक फाइली भांडारात चढवण्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत, आणि बसवण्याच्या वेळीच असा मजकूर चालू शकतो. इम्पोर्टमधील नाव आणि भांडारातील नाव वेगळे असू शकते ही गोष्ट हा धोका वाढवते: पीआयएल इम्पोर्ट करायचे तर पिलो बसवावे लागते, सीव्ही२ साठी ओपनसीव्ही-पायथन, बीएस४ साठी ब्यूटिफुलसूप४, यॅमलसाठी पायायॅमल. म्हणून अंदाजाने नाव टाइप न करता त्या मॉड्यूलच्या अधिकृत दस्तऐवजातून घ्यावे. दुसरी गोष्ट म्हणजे फाइल वाटेत बिघडलेली नाही याची खात्री. पायपीआयवर प्रत्येक फाइलीचा शा-२५६ हॅश (फाइलीतील मजकुरावरून काढलेला ठसा, जो मजकूर बदलला की बदलतो) दिलेला असतो, आणि विंडोजमध्ये वेगळे काही न बसवता 'सर्टयुटिल -हॅशफाइल', फाइलीचे नाव आणि 'शा२५६' असे लिहिले की आपल्याकडील फाइलीचा हॅश मिळतो. पेन ड्राइव्हवरून पंचवीस-तीस संगणकांवर फाइली जाणार असतील तर ही पाच मिनिटे नक्की खर्च करावीत.

आता प्रयोगशाळेत. नवे बसवण्यापूर्वी आधी ठेवलेली फोल्डरे काढून टाकणे अत्यावश्यक आहे. पिपने बसवलेल्या प्रत्येक मॉड्यूलबरोबर 'डिस्ट-इन्फो' या शब्दाने संपणारे एक फोल्डर असते. त्यातील 'रेकॉर्ड' या फाइलीत बसवलेल्या प्रत्येक फाइलीची नोंद असते आणि 'मेटाडेटा' या फाइलीत आवृत्ती व अवलंबित्वांची यादी असते. तुम्ही ते फोल्डर नेले नाही, त्यामुळे पिपच्या दृष्टीने तिथे नमपाय नाहीच. तो नव्या फाइली जुन्यांवर लिहील, पण ३.१२ च्या ज्या फाइलींना नव्यांत जोड नाही त्या तशाच पडून राहतील आणि दोन आवृत्त्यांची सरमिसळ होईल. तेव्हा नमपाय, पांडाज, ओपनपायएक्सएल ही तिन्ही फोल्डरे मुळातून काढावीत.

त्यानंतर बसवायची जागा ठरवावी लागते, आणि प्रयोगशाळेच्या बाबतीत हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. पायथन सर्व वापरकर्त्यांसाठी बसवला असेल तर तो 'सी:\प्रोग्रॅम फाइल्स\पायथन३१०' मध्ये असतो आणि त्याच्या साइट-पॅकेजेसमध्ये लिहिण्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. ते अधिकार नसताना पिप चालवला तर तो थांबत नाही. नेहमीची जागा लिहिण्यायोग्य नसल्याने वापरकर्त्याच्या जागेत बसवत आहे अशी एक ओळ दाखवून तो मॉड्यूल त्या व्यक्तीच्या 'ॲपडेटा\रोमिंग' फोल्डरखाली बसवतो. शिक्षकांनी आपल्या लॉगिनने बसवून तपासले, सगळे चालले, आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांच्या लॉगिनमध्ये मॉड्यूल नाही, असे जे होते ते यामुळे. म्हणून कमांड प्रॉम्प्टवर उजवी टिचकी मारून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडावे आणि मगच आज्ञा द्यावी: 'पाय -३.१० -एम पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स', त्यापुढे व्हील असलेल्या फोल्डरचा मार्ग, आणि शेवटी 'पांडाज ओपनपायएक्सएल'. 'नो-इंडेक्स' म्हणजे जाळ्यावर जाऊच नको, आणि 'फाइंड-लिंक्स' म्हणजे या फोल्डरमध्ये शोध. साखळीतील इतर मॉड्यूलांची नावे देण्याची गरज नाही. ती फोल्डरमध्ये असली की पिप आपण होऊन घेतो.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटविषयी, म्हणजे एका प्रकल्पाची मॉड्यूल वेगळ्या फोल्डरात ठेवण्याच्या सोयीविषयी, इथे थोडे सांगायला हवे, कारण प्रत्येक ठिकाणी तेच वापरा असा सल्ला सरसकट दिला जातो. एका माणसाच्या एका प्रकल्पासाठी तो सल्ला योग्यच आहे. 'पाय -३.१० -एम व्हेन्व्ह' या आज्ञेने वेगळे वातावरण तयार होते, त्यात पिपही इंटरनेटशिवाय बसतो, कारण त्याची प्रत पायथनबरोबरच आलेली असते. परंतु ज्या प्रयोगशाळेत सर्व विद्यार्थी तीच मॉड्यूल वापरणार आहेत तिथे प्रत्येकाने वेगळे वातावरण उभारण्यात जागा आणि तासिका दोन्ही जातात, म्हणून तिथे मी सर्वांसाठी एकच बसवणी करेन. दोन्हीपैकी काहीही निवडले तरी एक गोष्ट टाळावी: एका संगणकावर वातावरण तयार करून ते संपूर्ण फोल्डर दुसऱ्यावर नेऊ नये. त्याच्या आतील फाइलींत मूळ पायथनचा आणि स्वतः त्या फोल्डरचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो आणि नव्या जागी तो चुकीचा ठरतो. पॉवरशेलमध्ये वातावरण सुरू करताना स्क्रिप्ट चालवण्यास मनाई असल्याचा संदेश आला, तर सुरक्षा धोरण बदलण्यापेक्षा त्या वातावरणातील 'स्क्रिप्ट्स' फोल्डरमधला पायथन थेट चालवावा. परिणाम तोच मिळतो.

बसवताना किंवा नंतर येणाऱ्या संदेशांपैकी तीन समजून घेतले तर बहुतेक अडचणी सुटतात. 'इज नॉट अ सपोर्टेड व्हील ऑन धिस प्लॅटफॉर्म' याचा अर्थ फाइलीच्या नावातील खुणा या पायथनशी जुळत नाहीत. कोणत्या खुणा जुळतात त्यांची यादी 'पिप डीबग --व्हर्बोज' दाखवतो. कधीकधी खरी चूक एवढीच असते की ब्राउझरने उतरवताना नावाच्या शेवटी कंसात एक आकडा जोडलेला असतो आणि पिपला ते नाव उलगडता येत नाही. अशा वेळी मूळ नाव परत द्यावे.

दुसरा संदेश 'डीएलएल लोड फेल्ड' हा. पिपने रीतसर बसवल्यानंतरही तो आला, तर मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल हे पॅकेज त्या संगणकावर आहे का ते पाहावे. नव्याने तयार केलेल्या विंडोजवर ते पुष्कळदा नसते, आणि त्याचा इन्स्टॉलरही पेन ड्राइव्हवर नेता येतो. ते असूनही अडचण राहिली तर एक बदल ध्यानात घ्यावा: पायथन ३.८ पासून विस्तार मॉड्यूलांना (पीवायडी फाइलींना) लागणाऱ्या डीएलएल विंडोजच्या पाथमध्ये शोधल्या जात नाहीत. एखाद्या डेटाबेसची किंवा उपकरणाची डीएलएल पाथमध्ये ठेवून जे मॉड्यूल पूर्वी चालत असे, ते त्यामुळे बंद पडते. अशा डीएलएलचे फोल्डर प्रोग्रॅममध्ये ओएस मॉड्यूलच्या 'ॲड_डीएलएल_डिरेक्टरी' या फंक्शनने सांगावे लागते.

तिसरा संदेश 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० ऑर ग्रेटर इज रिक्वायर्ड' असा असतो. तुमच्या फोल्डरमध्ये व्हील नसून मूळ स्रोत आहे आणि पिप तो इथे बांधू पाहतो आहे, असे त्यातून कळते. यावर मायक्रोसॉफ्टची बिल्ड टूल्स बसवणे हा उपाय आहे, पण ती काही गिगाबाइटची असतात आणि इंटरनेट नसताना ती आणणे हे स्वतंत्र काम होते. त्याआधी त्याच मॉड्यूलची थोडी जुनी आवृत्ती व्हील रूपात मिळते का ते पाहावे, बहुधा मिळते. मूळ स्रोत केवळ पायथनमधला असला तरी इंटरनेटशिवाय तो बसवताना आणखी एक अडथळा येतो. पिप बांधणीसाठी एक तात्पुरते वेगळे वातावरण तयार करतो आणि त्यात सेटअपटूल्स वगैरे साधने जाळ्यावरून आणू पाहतो. तेव्हा सेटअपटूल्स आणि 'व्हील' याच नावाचे मॉड्यूल, या दोहोंच्या फाइलीही त्याच फोल्डरमध्ये ठेवाव्यात, किंवा ती आधी बसवून '--नो-बिल्ड-आयसोलेशन' हा पर्याय द्यावा. याहून सरळ मार्ग म्हणजे लॅपटॉपवरील पायथन ३.१० मध्ये 'पिप व्हील' या आज्ञेने त्या स्रोताचे व्हील करून घेणे आणि तेच नेणे.

खरोखरच हाताने, पिपशिवाय बसवण्याची वेळ एका ठिकाणी येते. पायथनचे एम्बेडेबल नावाचे एक छोटे झिप रूप मिळते, त्यात पिप नसतो. तिथे केवळ पायथनमध्ये लिहिलेल्या मॉड्यूलचे व्हील झिपप्रमाणे उघडून त्यातील फोल्डरे, डिस्ट-इन्फोसह, एका फोल्डरमध्ये ठेवता येतात. आणि त्या फोल्डरचा मार्ग पायथनच्या शेजारी असलेल्या '._पीटीएच' प्रत्ययाच्या फाइलीत एका ओळीवर लिहावा लागतो, कारण ती फाइल असताना पायथन पायथनपाथकडे पाहतच नाही. यंत्रभाषेतील भाग असलेले व्हीलही खुणा जुळत असतील तर असे उघडून चालू शकते, मात्र 'लिब्स' फोल्डर सोबत हवे. या मार्गाने मॉड्यूलची कमांड लाइनवरील साधने तयार होत नाहीत, व्हीलमध्ये 'डेटा' नावाने संपणारे फोल्डर असल्यास त्यातील फाइली योग्य जागी जात नाहीत, आणि अवलंबित्वे 'मेटाडेटा' फाइलीतील 'रिक्वायर्स-डिस्ट' च्या ओळी वाचून आपणच पुरवावी लागतात. तुमच्या प्रयोगशाळेत पूर्ण पायथन असल्याने या वाटेने जाण्याचे कारण नाही.

बसवून झाल्यावर 'पाय -३.१० -एम पिप चेक' ही आज्ञा द्यावी. कोणत्या मॉड्यूलला लागणारे काही अनुपस्थित आहे किंवा आवृत्ती जुळत नाही, ते ती सांगते. मग विद्यार्थ्याच्या साध्या लॉगिनने शिरून पांडाज इम्पोर्ट करावे आणि '__फाइल__' हे त्याचे मूल्य छापून पाहावे, म्हणजे ते कोणत्या फोल्डरमधून आले हे दिसेल. इथे मार्ग प्रोग्रॅम फाइल्सऐवजी विद्यार्थ्याच्या कामाच्या फोल्डरमधला दिसला, तर त्याने आपल्या फाइलीलाच 'पांडाज.पीवाय' असे नाव दिले आहे. प्रोग्रॅमचे स्वतःचे फोल्डर शोधाच्या यादीत पहिले असल्याने असे घडते, आणि नव्याने शिकणाऱ्यांच्या हातून ते इतक्या सहजपणे होते की पहिल्याच तासाला त्यांना सांगून ठेवलेले बरे.

एका संगणकावर सर्व जमल्यानंतर 'पिप फ्रीझ' चे उत्तर एका मजकूर फाइलीत साठवावे. त्यात प्रत्येक मॉड्यूलची नेमकी आवृत्ती असते. उरलेल्या संगणकांवर नावे टाइप न करता '-आर' पर्यायाने तीच फाइल द्यावी, म्हणजे सर्व संगणकांवर तंतोतंत सारखी बसवणी होते. ही मजकूर फाइल आणि व्हीलचे फोल्डर एकत्र जपून ठेवावे. एखाद्या संगणकावर विंडोज पुन्हा टाकावे लागले तर जाळ्यावर काहीही न शोधता तीच बसवणी पुन्हा करता येते. एखाद्या संगणकावर आधीपासून असलेली नमपायची पहिली पिढी (१ ने सुरू होणाऱ्या आवृत्त्या) सोडून दुसरीकडे जायचे असेल, किंवा जुन्या व्हीलांत नवे मिसळायचे असेल, तर पूर्ण संच नव्याने उतरवावा. नमपाय २.० मध्ये यंत्रभाषेच्या पातळीवरील जुळणी बदलली, त्यामुळे पहिल्या पिढीसाठी बांधलेली इतर मॉड्यूल दुसऱ्या पिढीबरोबर चालत नाहीत, आणि एकच फाइल बदलून भागवण्याचा प्रयत्न पुन्हा त्याच लांबलचक संदेशापाशी आणून सोडतो.